कोणाच्या काळात कोण मोठा

आमच्याकडे भातकापणी उरकली, मळे मोकळे झाले, की कबड्डीचे सामने सुरू होतात. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, कुठल्याही बाजूला जा, एखाद्या वाडीत मंडळाचा मांडव पडलेला असतो, हॅलोजन लागलेले असतात आणि मुंबईहून खास रजा टाकून आलेले चाकरमानी पहिल्या रांगेत जागा धरून बसलेले असतात. मी शाळेत शिकवते आणि या सामन्यांना गुणलेखनाला बसते. त्यामुळे एक वाद दरवर्षी माझ्या कानावर पडतोच. आधीचे खेळाडू भारी की आताचे?

आमच्या वाडीतले अण्णा एकेकाळी डाव्या कोपऱ्यात खेळायचे. पुढे कित्येक वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं. ते म्हणतात, "मॅटवर कोणव उडी मारतलो. मातयेत मारून दाखव मरे!" प्रो कबड्डी बघत वाढलेली पोरं म्हणतात, "अण्णानू, तुमच्या टायमाक तीस सेकंदाचा घड्याळ तरी होता काय?" मग कोणीतरी समजूतदार माणूस मध्ये पडतो. "अरे, काळ वेगळा, खेळ वेगळा, तुलना करूच नये." तेवढ्यात चहा येतो आणि विषय मिटतो.

मला हे समजूतदार वाक्य पटत नाही. तुलना करावी, हट्टाने करावी. आपण केली नाही म्हणून ती व्हायची थांबत नाही. आकडे ती परस्पर करून टाकतात. आणि आकड्यांच्या हातात सोडली की दर वेळी आजचा माणूस जिंकतो. आज सामने जास्त होतात, कॅमेरे जास्त आहेत, नोंदी नीट ठेवल्या जातात. ज्याच्या वेळी कोणी लिहून ठेवलं नाही, तो खेळलाच नाही असं होऊन बसतं.

मी लिहिणाऱ्यांपैकी आहे, म्हणून मला हे जवळून दिसतं. गुणपत्रकावर दोन्ही संघांसाठी एकापासून पुढचे आकडे ओळीने छापलेले असतात. गुण मिळाला की पुढच्या आकड्यावर रेघ मारायची. बोनस मिळाला, लोण चढला म्हणजे समोरचा सगळा संघ बाद झाला, त्याच्या खुणा वेगळ्या. सामना संपला की शेवटची रेघ ज्या आकड्यावर, ती त्या संघाची गुणसंख्या. सगळं चोख असतं. पण रात्री अकरानंतर दव पडायला लागतं, चोपून केलेलं मैदान वरून निसरडं होतं, फक्कीची मध्यरेषा पायाखाली पुसट होत जाते, आणि त्यातच एखादा पोरगा घोटा पकडायला झेपावतो नि त्याचा गुडघा जांभ्याच्या मातीवर सोलवटून निघतो. माझ्या कागदावर त्याची एकच रेघ. मॅटवर, छपराखाली, बूट घालून केलेल्या पकडीचीही तेवढीच रेघ. दोन्ही रेघा खऱ्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवताना मात्र त्यांच्या भोवतीचं सगळं सांगणारं कोणीतरी पाहिजे.

कबड्डीत तर नियमच मुळापासून पालटले. पूर्वी चढाई किती वेळ चालायची ते चढाई करणाऱ्याच्या छातीवर अवलंबून असे. एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत जायचं, त्याच दमात परत यायचं. पंच डोळ्यांइतकाच कानाने सामना बघायचा, कारण दम कुठे तुटला ते ऐकावं लागे. आता घड्याळ तीस सेकंद मोजतं. त्याच्याही आधी संजीवनी, गामिनी, अमर असे खेळाचे वेगवेगळे प्रकार होते. आज आपण खेळतो ती संजीवनी. समोरचा गडी मारला की आपला बाहेर बसलेला गडी आत येतो. गामिनीत तसं नव्हतं. एकदा बाद झालात की सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. म्हणजे संघाचा सर्वात तयार चढाईपटू दुसऱ्याच चढाईत सापडला, तर तो डाव त्याच्यापुरता तिथेच संपला. अशा खेळात गुणांचे डोंगर उभे राहणार कुठून? तिथे न सापडणं हीच सगळ्यात मोठी कमाई, आणि न सापडण्याची रेघ कोणत्याही कागदावर मारत नाहीत.

म्हणून प्रदीप नरवाल लहान ठरतो असं मात्र कोणी म्हणू नये. 2017 च्या प्रो कबड्डीत त्याने चढाईचे 369 गुण घेतले, आणि दुसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू त्याच्या शंभराहून अधिक गुणांनी मागे होता. दोघांनाही तेच मॅट, तेच घड्याळ, तोच बोनस. त्यामुळे हे अंतर कोणत्याही नियमाच्या नावावर टाकता येत नाही, ते नरवालचंच. खेळाडू त्याच्याबरोबरच्या माणसांपासून किती दूर उभा होता, हे मला त्याच्या बेरजेपेक्षा जास्त सांगून जातं. नरवालची डुबकी, म्हणजे पकडणाऱ्यांच्या हातांखालून वाकून निसटणं, अण्णांच्या मातीत चालली असती का, मला सांगता येणार नाही. त्याच्या काळात ती कोणालाही थांबवता येत नव्हती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी आणखी एक गोष्ट बघते. त्याला रोखण्यासाठी इतरांना काय काय बदलावं लागलं? ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनची 99.94 ही सरासरी सगळ्यांना पाठ असते. मला त्याहून मोठी साक्ष वाटते ती 1932-33 च्या मोसमाची. एका फलंदाजाला आवरण्यासाठी इंग्लंडच्या संघाने लेग साइडला क्षेत्ररक्षकांची भिंत उभी करून अंगावर चेंडू टाकायची नीती आखली. दोन देशांचे संबंध बिघडायची वेळ आली. ब्रॅडमनची सरासरी त्या मालिकेत 56.57 वर आली. म्हणजे तो जवळजवळ अर्ध्यावर आला, आणि तो अर्धाही भल्याभल्यांना आयुष्यभर गाठता आलेला नाही. शेवटी असल्या गोलंदाजीला आळा घालायला नियम करावे लागले.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्येही असंच घडलं. पुढे करीम अब्दुल जब्बार म्हणून जगाला माहीत झालेला ल्यू अल्सिंडोर यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाकडून एक मोसम खेळला, आणि 1967 मध्ये कॉलेजच्या खेळात डंक मारण्यावरच, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये घालण्यावरच, बंदी आली. ती जवळजवळ दशकभर टिकली. त्याचे प्रशिक्षक जॉन वुडन. 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं, सलग 88 विजय. प्रशिक्षकांच्या वर्चस्वाची गोष्ट निघाली की हे आकडे पुढे येतातच. मला मात्र त्यांच्या आधीचा काळ जास्त मोलाचा वाटतो. वुडन यूसीएलएत आले 1948 साली आणि पहिलं विजेतेपद 1964 साली. मधली सगळी वर्षं हा माणूस दर मोसमाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना पायमोजे कसे चढवायचे ते शिकवत होता, सुरकुती राहिली तर फोड येतो म्हणून. एवढी वर्षं थांबणारं कॉलेज आज मिळेल का? आज दोन मोसम कोरडे गेले की प्रशिक्षकाला नारळ देतात. तेव्हा वुडन आणि आजचे प्रशिक्षक यांची तुलना करायची तर त्यांना मिळालेली सबुरीही त्यांच्याबरोबर मोजायला हवी.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते.

पालवणकर बाळू. आडनाव आपल्या कोकणातलं, जन्म 1876 सालचा, धारवाडचा. चर्मकार कुटुंब, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पोरगेल्या वयात बाळू जिमखान्यावर खेळपट्टी झाडायच्या, रोलर फिरवायच्या कामाला लागले. साहेब लोकांना सरावाला चेंडू टाकायचं कामही त्यांच्याकडे आलं. डावखुरी फिरकी अशी, की ग्रेगसारखा नावाजलेला इंग्रज फलंदाज तासन् तास त्यांच्यासमोर सराव करायचा. चेंडू टाकायला बाळू हवेत, बॅट हातात द्यायची मात्र कोणाची तयारी नाही. तेव्हा संघ धर्मावार असत. पुढे हिंदूंच्या संघात घेतलं, कारण त्यांच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पुण्यात त्यांना चहा मिळायचा तो बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं. मैदानावर मात्र तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा.

त्यांच्या प्रथम श्रेणी कारकिर्दीत 33 सामने आहेत. 179 बळी, सरासरी 15.21. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, तो सपाटून हरला. त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी दौऱ्यावर 114 बळी घेतले. तेव्हा त्यांचं वय 35. भारत कसोटी खेळायला लागला 1932 साली. म्हणजे कसोटीच्या कुठल्याही यादीत बाळूंचं नाव असायचा प्रश्नच नाही. आजच्या हिशेबाने ते शून्य.

"काळ वेगळा, तुलना नको" या वाक्याने सगळ्यात जास्त अन्याय होतो तो बाळूंवर. तुलना नको म्हटलं की ते आपोआप बाहेर राहतात, जसे ते चहाच्या वेळी राहत होते. मी त्यांना बेदी आणि विनू मांकड यांच्या पंगतीत बसवते, आणि त्यांच्या पारड्यात आणखी एक गोष्ट टाकते. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्या विजयात बाळू होते. त्यानंतर जिमखान्यांची दारं थोडी थोडी उघडायला लागली. कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते 1923 साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. एखाद्या गोलंदाजामुळे फलंदाज आपला पवित्रा बदलतात, हे नेहमीचं आहे. बाळूंसाठी माणसांना आपली पंगत बदलावी लागली. माझ्या मते याहून मोठं वर्चस्व भारतीय क्रिकेटमध्ये कोणी गाजवलेलं नाही, आणि इथे मी तेंडुलकर आणि गावसकर दोघांनाही धरून बोलते आहे.

धावण्याच्या शर्यतीत तुलना सोपी असेल असं वाटतं. घड्याळ कोणाची जात विचारत नाही, अंतर तेच, अडथळे तेवढेच. 1984 साली लॉस एंजेलिसला महिलांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली. पी. टी. उषा चौथी आली, वेळ 55.42 सेकंद. तिसरी आलेली रुमानियाची मुलगी 55.41. पुढे 2023 साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत विथ्या रामराजने हीच शर्यत नेमकी 55.42 सेकंदांत पूर्ण केली. 39 वर्षं गेली आणि भारताचा राष्ट्रीय विक्रम सेकंदाच्या शंभराव्या भागानेही हलला नाही. दोघींची बरोबरी, असं कागद म्हणतो.

विथ्याचं कौतुक आहेच. जो आकडा बघून पिढ्यान् पिढ्या मुली माघारी फिरल्या, तो तिने गाठला. पण या दोन आकड्यांना मी सारखं म्हणणार नाही. उषा केरळातल्या पय्योलीच्या किनाऱ्यावर वाळूत धावून तयार झाली. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मी वेगळं काय सांगणार? आमच्या शाळेच्या मुलींना मी ओहोटीला वाळूवर पळवते. पाण्यालगतच्या घट्ट पट्ट्यावर पाऊल वाजतं, वेग येतो. चार हात वर सरकलात की भुसभुशीत वाळू पाऊल गिळते, पोटऱ्या भरून येतात आणि दहा पावलांत पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. त्यातून ताकद येते, यात शंका नाही. पण अडथळ्यांच्या शर्यतीला पावलांचा हिशेब लागतो. दोन अडथळ्यांमध्ये 35 मीटर, आणि तेवढ्यात पावलं मोजून पडायला हवीत. तो हिशेब वाळूत कसा बसवायचा? आणि लॉस एंजेलिसला तिच्या पोटाला आधार होता तो कांजीचा आणि लोणच्याचा, हे उषाने स्वतःच सांगितलं आहे. आपल्याकडची पेज आणि लोणचंच ते. आजारी माणसाला देतो आपण. त्यावर ती जगातली चौथी आली.

बोलायचं तर दुसरी बाजूही बोलायला हवी. त्या ऑलिंपिकवर सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी यांचा बहिष्कार होता, त्यामुळे या शर्यतीतल्या काही तगड्या मुली आल्याच नव्हत्या. ध्यानचंदांच्या बाबतीतही हेच. 1932 च्या ऑलिंपिक हॉकीत संघ होते तीन, आणि भारताने अमेरिकेला 24-1 हरवलं. त्या चोवीस गोलांपेक्षा 1936 साली बर्लिनमध्ये जर्मनीला त्यांच्याच घरी 8-1 हरवलं ते मला मोठं वाटतं.

उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार. हवाई दलात होते, स्वतः धावपटू होते. कन्नूरच्या क्रीडा विभागात आलेल्या किडकिडीत मुलीत त्यांना काहीतरी दिसलं. ती 100 आणि 200 मीटर धावणारी. तिला अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवायचं त्यांनी ठरवलं, तेही ऑलिंपिकच्या तोंडावर. जी शर्यत ऑलिंपिकमध्ये तोवर झालीच नव्हती, तिच्यात मुरलेल्या खेळाडूही जगात थोड्याच असणार, हा त्यामागचा विचार. मला हे प्रशिक्षणातलं फार मोठं डोकं वाटतं. पायात किती बळ आहे ते स्टॉपवॉच सांगतं. ते बळ कुठे खर्च करायचं ते प्रशिक्षकालाच ठरवावं लागतं. पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत उषाने पाच सुवर्णपदकं जिंकली. त्याच साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्या मानकऱ्यांमध्ये नंबियार होते.

आणि आमचे आचरेकर सर. रमाकांत आचरेकर, जन्म 1932, मालवण. आमच्याकडे त्यांच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप उंचावतो. प्रथम श्रेणीचा सामना त्यांना एकच मिळाला. पण शिवाजी पार्कवर त्यांनी तेंडुलकर घडवला, कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर, बलविंदर संधू घडवले. स्टंपवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: बाद न होता टिकला तर ते नाणं सचिनचं. मला त्यांची स्कूटर जास्त महत्त्वाची वाटते. एका मैदानावर सचिनची फलंदाजी संपली की त्याला मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, तिथे पॅड बांधून पुन्हा मैदानात उतरवायचं. नेट्समध्ये बाद झालात तर पुढचा चेंडू मिळतो, सामन्यात मिळत नाही. सरांनी त्या मुलाला लहानपणीच इतके सामने खेळवले, की सोळाव्या वर्षी कराचीत उभा राहिला तेव्हा वयाने पोर असला तरी खेळपट्टीवर जुना झालेला होता.

पण ती स्कूटर फिरवायला एका शहरात इतकी मैदानं असावी लागतात. पावसातही खेळली जाणारी कांगा लीग लागते, शाळांसाठी हॅरिस शील्ड लागतं. दोन पोरं 664 धावांची भागीदारी करतात तेव्हा ती छापून आणणारी वर्तमानपत्रं लागतात. सर मालवणात राहिले असते तर काय झालं असतं? इथे पाऊस चार महिने मैदान आपल्या ताब्यात ठेवतो. उरलेल्या महिन्यांत टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, आणि लेदरचा चेंडू हातात न धरताच कित्येक पोरांचं क्रिकेट संपतं. हा प्रश्न मला छळतो, कारण आचरेकरांसारखी नजर असलेली माणसं या किनाऱ्यावर आजही असणार, आणि ती टेनिस बॉलच्या स्पर्धेत पंच म्हणून उभी असणार.

नजर इथली आणि मैदान दुसरीकडचं, याचं ताजं उदाहरण कबड्डीनेच दिलं. 1990 पासून 2014 पर्यंत आशियाई स्पर्धेत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. कोणाला शंका नव्हती. 2018 साली जकार्तात इराणने पुरुषांना उपांत्य फेरीत 27-18 हरवलं. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 हरवलं, आणि इराणच्या त्या मुलींची प्रशिक्षक होती नाशिकची शैलजा जैन. आमच्या मांडवात त्या दिवशी सुतकी चेहरे होते. मी मात्र मनातून फुलले होते. एक मराठी बाई परक्या देशात जाते, डोक्यावर हिजाब बांधून खेळणाऱ्या मुलींना पकडी शिकवते, प्राणायाम करायला लावते आणि आपल्याच देशाच्या वर्चस्वाला धक्का देते. ज्या संघाला कोणी हरवू शकत नाही, त्याला हरवायला शिकवणं हे जिंकत्या संघाला जिंकत ठेवण्यापेक्षा अवघड आहे. तिने मिळवलेलं सुवर्ण एकच. तरी वर्चस्व गाजवणाऱ्या प्रशिक्षकांच्या कोणत्याही यादीत मी तिला घेईन.

यंदा सामने आटोपल्यावर, मांडव सोडायचं काम चालू असताना, हे सगळं मी अण्णांना सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, की नंबियार आणि आचरेकर यांत निवडायचं झालं तर मी नंबियारांना वर ठेवेन. आचरेकरांच्या मागे मुंबई उभी होती. नंबियारांकडे वाळू होती आणि हातात घड्याळ.

मालवणच्या माणसापुढे हे बोलायला धाडस लागतं. अण्णा खुर्चीतून पुढे सरकले. "नंबियारान एक उषा घडयल्यान. आचरेकर सरांनी किती घडयल्यानी, ता मोज गो."

मी म्हटलं, मुंबईत पोरं रांगा लावून येतात, संख्या वाढणारच.

"शिवाजी पार्कात कोच काय ते एकटेच होते? बाकीच्यांकडे रांगा नव्हत्यो? मुंबई सगळ्यांकच होती मगे!"

बरोबरच्या माणसांपासून कोण किती दूर उभा राहिला, हे माझंच माप त्यांनी माझ्यापुढे ठेवलं होतं. पण त्या मापाने नंबियारही कमी पडत नाहीत, आणि ते मी अण्णांना तिथल्या तिथे सांगितलं. मुंबई सगळ्यांना होती, तशी वाळूही साऱ्या पश्चिम किनाऱ्याला आहे. मालवणला आहे, वेंगुर्ल्याला आहे, पार केरळपर्यंत आहे. तिच्यातून ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी धावपटू उभी केली ती त्या एका माणसाने.